१४. खांबामागची खुर्ची

आई गेल्याला तीन आठवडे झाले होते, आणि या तीन आठवड्यांत बाबांनी तिन्ही हॉल मिळून पाच कार्यक्रमांचा आवाज बिघडवला होता. बिघडवला म्हणजे थोडाथोडका नव्हे. गेल्या शनिवारी 'चारशे'मध्ये स्पीकरमधून अशी शिट्टी फुटली की पहिल्या तीन रांगा कानांत बोटं घालून उठल्या, आणि गाणारी गाणं अर्ध्यावर टाकून रडत आत निघून गेली. बाबा मात्र आवाजाच्या कन्सोलमागे शांत बसलेले. जणू शिट्टी शेजाऱ्यांच्या कुकरची होती!

या घरात हॉलना नावं नव्हती, खुर्च्यांचे आकडे होते. 'चारशे', 'दीडशे', आणि सगळ्यांत जुनं ते नुसतं 'तळघर'. एका छापखान्याखालची साठ खुर्च्यांची ती जागा आईबाबांनी एक्केचाळीस वर्षांपूर्वी घेतली. वर छपाई चालू असली की खाली ड्रमवाला लागायचाच नाही, असं आई सांगायची. तळघराच्या मधोमध एक जाडजूड खांब होता. इतका नको तिथे, की बांधणाऱ्याने तो रागाच्या भरात उभा केला असावा. खांबामागच्या खुर्चीचं तिकीट कधी कुणाला दिलं नाही, कारण तिथून स्टेज दिसतच नसे. दिसे फक्त कोपऱ्यातला कन्सोल आणि त्यामागे बसलेले बाबा. त्या खुर्चीत आई बसायची. प्रत्येक कार्यक्रमाला, मांडीवर रुमाल आणि रुमालावर एक संत्रं घेऊन.

आज रविवार. दुपारी चारला तळघरात आईसाठी कार्यक्रम होता. भाषणं नाहीत, हार नाहीत. ज्यांनी ज्यांनी आयुष्यात पहिल्यांदा इथे माइक हातात धरला, त्यांनी यायचं आणि एकेक गाणं म्हणायचं. "तिच्या कार्यक्रमाचा आवाज मी लावणार," बाबांनी एवढंच सांगितलं होतं. आणि बाबांनी एवढंच सांगितलं की पुढे कुणी बोलायचं नाही, अशी घरची पद्धत.

बोलायचं नाही ते बाबांसमोर. त्यांच्या पाठीमागे, साडेबारा वाजता, जिन्यावरच्या ऑफिसच्या खोलीत अख्खं घर तोंडाचा पट्टा सोडून बसलं होतं.

"'दीडशे'च्या साउंडवाल्याला मी तीन वाजता बोलावलंय," थोरला म्हणाला. तिन्ही हॉलचे कार्यक्रम ठरवणं त्याच्याकडे, त्यामुळे फोन आणि कपाळावरची आठी या दोन गोष्टी त्याला जन्मापासूनच्या वाटत.

"कुणाला विचारून?" धाकटीने विचारलं. ती जमिनीवर बसून वायर गुंडाळत होती. कोपराभोवती नाही हं. बाबांनी शिकवलं होतं तशी, एक वेढा सुलटा, एक उलटा.

"कुणाला विचारायचं? तुला? तू तर त्यांची वकील."

"दादा, आई जाऊन तीन आठवडे झालेत. माणसाचा हात थरथरणार नाही?"

"हात थरथरला असता तर मी गप्प बसलो असतो, धाकटे. हात ठणठणीत आहे. अगदी ठामपणे चुकतोय!"

"वन्सं," वहिनी टेबलावरची पाहुण्यांची यादी बाजूला सारत म्हणाली, "तुम्ही वायरींमध्ये असता, मी तिकिटाच्या खिडकीत असते. शिव्या खिडकीत येतात. शनिवारी एक जण मला म्हणतो, 'बाई, तिकिटासोबत कापसाचे दोन बोळे देत जा.'"

थोरल्याला हसू आलं. ते त्याने खोकल्यात ढकललं.

"एक महिना द्या," धाकटी म्हणाली. "दुःख आहे ते. उतरेल."

हे ती मनापासून म्हणत होती, आणि त्यातच तिची गंमत होती. कारण अठरा वर्षं ती बाबांच्या हाताखाली माइक लावत होती, स्टँड उचलत होती, स्टेजवर रांगत होती, आणि अठरा वर्षं तिची नजर त्या एका कन्सोलवर होती. बाबा उठले की ती बसणार, हे न बोलता ठरलेलं. पण ते असे उठायला नको होते. कुणी उठवायला तर नकोच नको.

"आजोबा तुमच्यापैकी कुणाचं ऐकणारच नाहीत," खिडकीच्या कट्ट्यावरून भोंगा म्हणाली. "ते फक्त माझं ऐकतात!"

भोंगा म्हणजे थोरल्याची पंधरा वर्षांची मुलगी. ती कानात कुजबुजली तरी तिसऱ्या खोलीतल्या माणसाला गुपित कळायचं, म्हणून हे नाव.

"तुझं काय ऐकतात गं?" वहिनीने विचारलं.

"सगळं! तुम्ही तीन हाका मारता तेव्हा कुठे ते 'हो हो, बघतो' म्हणतात. मी एक मारली की लगेच वळून बघतात. लाडकी आहे मी त्यांची."

"त्यात लाड कसला? तू हाक मारलीस की रस्त्यापलीकडचा न्हावीसुद्धा ओ देतो."

सगळे हसले. आई गेल्यापासून पहिल्यांदाच सगळे एकदम हसले. धाकटीही हसली, आणि हसता हसता तिच्या हातातली वायर थांबली.

हो हो, बघतो.

बाबा, चहा टाकू? हो हो, बघतो. बाबा, डावा स्पीकर गेलाय. हो हो, बघतो. घरात त्याची नक्कल व्हायची, आईसुद्धा करायची. आणि मग तो दवाखान्यातला पांढरा बोळ. डॉक्टरीण बाई जवळ आल्या, मान खाली घालून, अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "त्या गेल्या." बाबा म्हणाले, "हो हो, बघतो." आणि आत गेले. आत जाऊन त्यांनी जो हंबरडा फोडला, तो धाकटीला अजून झोपेत ऐकू यायचा. दुःखाने भ्रमिष्टासारखे बोलले, असं तेव्हा सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं.

"कुठे निघालीस?" थोरल्याने विचारलं.

"वायर ठेवून येते."

खाली गाणारी माइकसमोर उभी होती. तीच, शनिवारची. एकोणिसाव्या वर्षी याच तळघरात ती स्टेजवर जायला तयार नव्हती, आणि आईने तिला पाणी पाजून स्टेजवर ढकललं होतं. आता चाळिशी उलटलेली. आवाजाची चाचणी म्हणून ती एक कडवं पुन्हा पुन्हा म्हणत होती. बाबांची जिन्याकडे पाठ होती.

"बाबा," धाकटी म्हणाली.

काही नाही.

"बाबा!"

काही नाही. हात तेवढे कन्सोलवर फिरत होते.

मग तिने जे केलं, ते करताना तिला आपण चोरी करतोय असं वाटलं. ती स्टेजच्या कडेने वाकून गेली आणि गाणारीच्या माइकची वायर स्टेजवरच्या वायरींच्या पेटीतून उपसून काढली. स्पीकर मुके झाले. आवाज एकदम उघडा पडला, घरातल्या घरात कुणी गुणगुणावं एवढासा. गाणारीने चमकून पाहिलं. धाकटीने ओठांवर बोट ठेवलं, 'गात राहा' अशी खूण केली.

आणि मग तिने बाबांकडे पाहिलं.

बाबांचं बोट गाणारीच्याच आवाजाच्या सरकत्या कळीवर होतं. ते ती कळ केसभर वर नेत होते, अर्धा केस खाली आणत होते. इतक्या हळुवारपणे, की अख्ख्या शहरात तसा हात दुसरा नव्हता. पण कळीला काहीही जोडलेलं नव्हतं! आणि त्यांची नजर स्टेजवर नव्हतीच. ती खांबामागच्या रिकाम्या खुर्चीवर होती. कुणीतरी काहीतरी सांगेल म्हणून वाट पाहत असलेली.

धाकटी तिथेच, स्टेजच्या पायरीवर बसली.

आई कानाच्या पाळीला हात लावायची. बाबा गाणाऱ्याचा आवाज वर घ्यायचे. आई गुडघा चोळायची. घरात सगळे म्हणायचे, तळघराच्या ओलीने आईचे सांधे धरतात. ड्रम खाली यायचे. आई चष्मा काढून पुसायची, आणि शिट्टी फुटायच्या आत बाबा ती दाबायचे. लोक म्हणायचे, काय कान आहे माणसाचा! आणि शेवटी ती संत्रं सोलायला घ्यायची. आवाज छान लागला की आई निवांत होते आणि संत्रं खाते, असं धाकटी लहानपणापासून समजत आली होती. कधीतरी ते उलटं झालं होतं. आईने संत्रं सोललं की बाबांना कळायचं, आवाज छान लागला.

कानांच्या जिवावर पोट भरणारं घर. कुठल्या खुर्चीत सतार पातळ लागते आणि कुठल्या भिंतीवरून टाळी परत येते, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगणारी माणसं. आणि घरातल्या माणसाचे कान गेले, ते एकालाही ऐकू आलं नाही.

तिने वायर परत लावली. बाबांनी मान हलवली, जणू काही झालंच नव्हतं. खरंच, त्यांच्यापुरतं काही झालंच नव्हतं.

जिन्याच्या वळणावर तिने थोरल्याला आणि वहिनीला गाठलं आणि तीन वाक्यांत सांगितलं. चौथं तिला बोलता आलं नाही.

थोरला भिंतीला टेकला. मग त्याने खिशातून फोन काढला, 'दीडशे'च्या साउंडवाल्याला म्हणाला, "येऊ नकोस. नाही, काही झालं नाही. येऊ नकोस," आणि फोन ठेवून दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"करू दे त्यांना," तो हातांमागूनच म्हणाला. "आजचा दिवस करू दे. आईचा कार्यक्रम आहे. शिट्टी वाजली तर वाजली. बाहेरचं आहे कोण? सगळी आपलीच माणसं. बसतील ऐकत."

"अहो, मघाशी तुम्हीच..."

"मघाशी मला काय माहीत होतं!"

"आणि त्या गाणारीचं काय?" वहिनीचा आवाज खाली आला होता, पण धार गेली नव्हती. "गाताना स्वतःचा आवाज ऐकायला ती कानात ती बारकी यंत्रं घालून उभी राहते. शनिवारची शिट्टी बाहेरच्यांनी ऐकली; तिच्या तर थेट कानात शिरली. दोन दिवस डावा कान वाजत होता तिचा. तरी आज आलीये, सासूबाईंसाठी. तिचेही कान गेले म्हणजे मग काय, तिच्यासाठीपण कार्यक्रम ठेवायचा?"

थोरल्याने तोंडावरचे हात काढले.

"वन्सं, मी वाईट आहे. ठीक आहे," वहिनी म्हणाली. "पण बरोबर सांगतेय."

गेली कित्येक वर्षं धाकटीचं आणि वहिनीचं एका वाक्यावर एकमत झालं नव्हतं. पडद्याच्या रंगावरून दोघी चार महिने अबोल होत्या. आज धाकटीने वहिनीचा हात धरला.

"बरोबर सांगतेयस," ती म्हणाली. "मी बोलते त्यांच्याशी."

"तू नको," थोरला म्हणाला. "तू सांगितलंस तर त्यांना वाटेल, तुला ती खुर्ची हवी होती."

"हवी होतीच ना, दादा," धाकटी म्हणाली आणि खाली गेली.

ती बाबांच्या शेजारी नाही, समोर बसली. त्यांना तिचं तोंड दिसेल अशी. गाणारी पाणी प्यायला गेली होती. तळघरात दोघंच.

"बाबा, कधीपासून?"

"हो हो, बघ..."

"बाबा." तिने आपल्या कानाच्या पाळीला हात लावला.

बाबांचा चेहरा असा पडला, की तिला वाटलं, आपण हात कापून टाकायला हवा होता. बराच वेळ ते कन्सोलच्या कडेवरची धूळ बोटाने पुसत राहिले.

"तिने सांगितलं तुला?"

"नाही. तुम्ही त्या खुर्चीकडे बघत होतात."

"नऊ वर्षं," बाबा म्हणाले. "आधी झांजा गेल्या. मग बासरी. मग बायकांचे आवाज. तुझाही गेला. तुझ्या वहिनीचा कधीच गेला. त्याचं फार वाईट वाटलं नाही." ते हसले, आणि मग ते हसू त्यांना सावरता येईना. "भोंगा तेवढी येते अजून."

"कानाचं यंत्र मिळतं की, बाबा."

"आहे. खिशात आहे. लावलं की भांड्यांची मांडणी कोसळल्यासारखं होतं. आवाज येतो गं. गाणं येत नाही."

"आणि आम्हाला सांगायचं नाही? आईला सांगितलंत, आणि आम्ही..."

"तिला कुठे सांगितलं मी?"

धाकटी पुढे सरकून बसली.

"तिला मी कधीच सांगितलं नाही," बाबा म्हणाले. "साउंडवाला बहिरा, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? एकदा 'चारशे'मध्ये मी चुकत होतो, मला कळत होतं की चुकतोय, काय चुकतंय ते कळत नव्हतं. घामाघूम झालो. सहज नजर गेली, तर ही पाचव्या रांगेतून माझ्याकडे बघत कान चोळत होती. मी गाणाऱ्याचा आवाज वर घेतला. तिने हात खाली घेतला. बस. घरी आलो, जेवलो, झोपलो. नऊ वर्षांत आम्ही त्याच्यावर एक अक्षर बोललो नाही. मला वाटायचं, बोललो तर तिचं ते बंद होईल."

छापखान्याचं वरचं मशीन आज बंद होतं. तळघर कधी नव्हे इतकं गप्प होतं, आणि ते फक्त धाकटीलाच कळत होतं.

"मी बसते तिथे," ती घाईघाईने म्हणाली. "बाबा, मी बसते. मला सगळ्या खुणा आठवतात. चष्मा नाही मला, पण मी दुसरं काहीतरी करीन. आज तुम्हीच लावा आवाज, मी तिथून..."

बाबांनी तिच्या तोंडाकडे बघत सगळं वाचलं. मग मान हलवली.

"वेडी आहेस. काय हवं ते तुला कळणार, तू ते मला सांगणार, मग मी ते करणार. त्यापेक्षा तूच कर ना. तिला कन्सोल येत नव्हता, म्हणून तर मी लागत होतो."

ते उठले. उठताना त्यांनी सवयीने सगळ्या कळा एकदा खाली ओढल्या, घरातून निघताना दिवे बंद करावेत तशा. दोन पावलं गेले आणि थांबले.

"धाकटे," ते म्हणाले, "मी कुठे बसू?"

एक्केचाळीस वर्षांत या माणसाने एकही कार्यक्रम प्रेक्षकांत बसून पाहिला नव्हता. धाकटीने नकळत खांबाकडे पाहिलं.

"तिथे नको," बाबा म्हणाले. "तिथून काही दिसत नाही. आणि मला आता दिसायलाच हवं."

चार वाजता साठच्या साठ खुर्च्या भरल्या, जिन्यावरही माणसं बसली. बाबा पहिल्या रांगेत, कडेला नाही, मधोमध; भोंगाने त्यांना हाताला धरून बसवलं. वहिनी खिडकी बंद करून दाराशी उभी राहिली. थोरल्याला बसवेना, तो स्टेजच्या बाजूला पडदा धरून उभा.

धाकटी कन्सोलमागे बसली. अठरा वर्षं जिची स्वप्नं पाहिली ती खुर्ची. बसली आणि लक्षात आलं, ती फार खाली आहे. बाबा तिच्याहून उंच. वर करायलाही वेळ नव्हता.

पहिला म्हातारा गिटारवाला आला. आवाज लागला. तिचं तिलाच कळलं, की लागला. दुसऱ्या दोघी बहिणी आल्या, हसत रडत गाऊन गेल्या. दोन्ही वेळा बाबांनी बरोबर टाळ्या वाजवल्या. फक्त धाकटीला दिसत होतं, की ते आधी डावीकडच्या माणसाचे हात बघतात, मग उजवीकडच्या, आणि मगच आपले उचलतात. पण जमत होतं. तिला थोडा श्वास आला.

तिसरी आली ती शनिवारची गाणारी. ती काही बोलली नाही, एकदम सुरूच झाली. पहिलं कडवं गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्याच्या मध्येच तिचा आवाज अडला. तिने शब्द उचलायचा प्रयत्न केला, जमेना. तिने तोंड मिटलं, मान खाली घातली आणि माइकचा स्टँड दोन्ही हातांनी धरून उभी राहिली.

अख्खं तळघर ती पुढची ओळ कधी उचलते याची वाट बघत होतं.

आणि टाळ्या वाजल्या. एकाच माणसाच्या.

बाबा आता शेजाऱ्यांचे हात बघत नव्हते. त्यांना वाटलं होतं, आता जमतं आपल्याला. समोरची बाई मान लववून उभी होती, गाणं संपलं होतं, त्यांच्या बायकोसाठी म्हटलेलं गाणं. आणि बाबा उभे राहून, तोंडभर हसत, मोठमोठ्याने टाळ्या वाजवत होते. तीन आठवड्यांत ते असे हसले नव्हते.

मग त्यांनी वळून पाहिलं. साठ माणसं त्यांच्याकडे बघत होती. कुणाचेही हात हलत नव्हते.

बाबा खाली बसले. दोन्ही हात त्यांनी मांड्यांखाली घातले, शाळेत मार बसलेल्या मुलासारखे.

गाणारीने डोळे पुसले, बाबांकडे पाहिलं, आणि राहिलेलं कडवं घेतलं. आवाज अजून ओला होता. धाकटीने तो थोडा पुढे आणला, त्याच्यामागचं सगळं मागे नेलं. तेवढंच तिच्या हातात होतं. या क्षणी कन्सोल सोडून पळत जावं, पहिल्या रांगेत गुडघ्यांवर बसावं, असं तिला इतकं वाटलं की तिचे पाय दुखायला लागले. पण गाणं चालू होतं.

ते संपलं. खरोखर संपलं. लोक उठून उभे राहिले, जिन्यावरचे, भिंतीकडचे, सगळे; थोरला पडदा सोडून टाळ्या वाजवत होता, वहिनी दाराशी डोळ्यांतून पाणी गाळत टाळ्या वाजवत होती. बाबांनी डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. मागे वळून एकेका रांगेकडे पाहिलं. सगळ्यांचे हात वाजत होते, यात काही शंकाच नव्हती.

तरी त्यांनी आपले हात बाहेर काढले नाहीत.

पुढचा माणूस स्टेजवर चढला होता. धाकटीने त्याचा माइक उघडला.